जेवलात का, टॅबनं विचारलं

आमच्या नांदेडच्या वॉर्डात किस्से जमवावे लागत नाहीत, ड्यूटी लागली की आपोआप जमतात. त्यात गेल्या वर्षी आपलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणारा टॅब आला. सीमेकडच्या पेशंटची आणि सिस्टर लोकांची सोय झाली, असं साहेब म्हणाले. साहेबांना पेशंटशी बोलावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी एका तेलुगू आजीनं टॅबवर गाव विचारलं. मी म्हटलं, "भोकर." आजीनं टॅबकडे बोट दाखवलं. "तुझं नाही, ह्या आतल्या बाईचं." टॅबनं तेही इमानदारीत मराठीत सांगितलं.

*

देगलूरकडचे एक कन्नड काका होते. लघवी साफ होते का, एवढंच विचारायचं होतं. टॅबचं कन्नड इतकं सरकारी, की काका पलंगावरून उतरून ताठ उभे राहिले आणि सही कुठं करायची ते विचारू लागले.

*

नरसव्वाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बिलोलीच्या पलीकडची ही तेलुगू म्हातारी पित्ताच्या खड्यांनी बेजार झालेली. मुलगा भरती करून गावी परतलेला. ऑपरेशनला पोट रिकामं लागतं, म्हणून सकाळी टॅबवरून विचारलं, "जेवलात का?" ती हसून म्हणाली, "जेवले." ऑपरेशन रद्द. दुसऱ्या सकाळीही तेच. सर्जन माझ्यावरच चिडले. उद्या पुन्हा असं झालं तर घरी पाठवा म्हणाले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

वॉर्डातल्या आया शांतामावशी धर्माबादच्या, त्यांना तेलुगू येतं. टॅब आल्यापासून त्यांना कुणी बोलावत नव्हतं. मी बोलावलं. त्या नरसव्वाजवळ जरा वेळ बसल्या आणि परत आल्या.

"सिस्टर, दोन्ही सकाळी तिनं पाण्याचा थेंबबी घेतला न्हवता. पण लोकाच्या दारात जेवलीस का इचारल्यावर न्हाई कसं म्हणावं? मागितल्यावानी होतंय."

तिसऱ्या सकाळी मी काही विचारलंच नाही. टॅबवर माझंच सांगितलं, "मी अजून काही खाल्लेलं नाही."

नरसव्वानं माझा हात धरला. टॅब म्हणाला, "मीपण नाही."

ऑपरेशन झालं. दुपारी नीट शुद्धीवर आल्यावर तिनं खुणेनं टॅब मागितला. मी तोंडाजवळ धरला.

"सिस्टर, आता तरी जेवलात का?"

चार वाजले होते. माझा डबा सकाळी ठेवला तसाच टेबलावर होता.

मी म्हटलं, "हो, जेवले."