आक्काच्या कपाशीत

समोरच्याचा हात आधी आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग म्हणायचं, "मी शे ना." आक्काची ही रीतच होती. 'मी आहे ना', एवढाच त्याचा अर्थ. दवाखान्यात दात काढून घ्यायला आलेल्या आपल्या जावयाजवळ बसून तिनं हे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी आमचे डॉक्टर म्हणाले, "आक्का, थोडं मलाही म्हणा."

सोनगीरजवळच्या एका गावात मी तेव्हा आरोग्य केंद्रात नर्स होते. आक्का माझी शेजारीण. नवरा गेल्यावर कपाशीचं शेत तिनं एकटीनं सांभाळलं होतं. मी जळगाव शहरातली, तिची अहिराणी मला निम्मीच कळायची. जेवलीस का, हे ती रोज विचारायची आणि उत्तराची वाट न बघता भाकरी ठेवून जायची. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल.

त्या हिवाळ्यात एक लहानसं हेलिकॉप्टर सकाळी शेतांवरून फिरायचं. नवी पोरं त्यावर उडवायला शिकतात, असं लोक सांगत. आक्का कापूस वेचता वेचता वर बघायची. "दमानं रे भाऊ," म्हणायची आणि पुन्हा वाकायची.

एका सकाळी त्याचा आवाज मध्येच तुटला आणि ते तिच्याच शेतात कोसळलं. पेट्रोलचा वास सुटला तशा वेचणीच्या बाया बांधाकडे पळाल्या. आक्का पुढे गेली. शिकवणारे जागीच गेले होते. शिकणारा पोरगा जिवंत होता. छातीवर वाकलेला पत्रा, पाय बाहेर. तिच्यानं तो पत्रा हलेना. मग ती कपाशीत त्याच्या डोक्याशी बसली आणि त्याचा हात धरला.

आमची जीप पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. मी नाडी पाहिली, नुसती पाहायची म्हणून. आक्कानं हात सोडला नव्हता. ती मला म्हणाली, "काल, काल म्हणे तो. काल काय व्हयनं व्हतं त्याले?"

मी तिला उठवलं, हात धुवायला लावले.

काही दिवसांनी त्या मुलाची आई आली. खूप दक्षिणेकडची बाई, सोबत हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्थेतले, त्यांचीच भाषा बोलणारे एक साहेब. साहेब मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, "आईला आम्ही सांगितलंय की तो लगेच गेला. तुमच्या बाईंनाही तसंच सांगायला सांगा."

मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "माय शे ती. तिले खोटं कसं सांगू?"

त्या आईसमोर ती खाली बसली. मला किंवा साहेबांना मध्ये न घेता, लक्षात ठेवलेले ते शब्द जसेच्या तसे म्हणाली. "काल... काल... कळट्टू."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. साहेब म्हणाले, "आमच्याकडे काल म्हणजे पाय, कळट्टू म्हणजे काढ. पाय दुखत होता त्याचा. बूट काढ म्हणत होता."

मी ते आक्काला मराठीत सांगितलं. त्या आईनं तिचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. मी चहा केला. तो कोणी प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का दवाखान्यात आली. पेशंट कोणी नव्हते. ती दारातच म्हणाली, "सिस्टर, बूट कसा काढतस? माले दखाडा."

तिच्या घरात कधी कोणी नाडीचा बूट घातला नव्हता. आमच्या ड्रायव्हरनं काही न विचारता आपला पाय पुढे केला. मी गाठीचं टोक कुठलं ओढायचं ते दाखवलं. आक्कानं ते ओढलं. गाठ लगेच सुटली. ती दोन्ही हातांनी नाडी एकेका भोकातून बाहेर काढत गेली, बूट सैल झाला, टाच धरून तिनं तो हळूच ओढून काढला आणि बाजूला ठेवला. मग ड्रायव्हरचं पाऊल मांडीवर घेऊन ती चोळत बसली.