परत न आलेला आवाज

चंद्रभान पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसले तेव्हा माईक पाहून एकदम शुद्ध बोलायला लागले. “मी चंद्रभान, राहणार केळझर, भाजी उत्पादक शेतकरी,” असं, ग्रामसभेत ठराव वाचावा तसं. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या मंजुषाला हसू आवरेना.

“काकाजी, घरी असंच बोलता का तुमी?”

“नाई.”

“मंग आता काऊन असं बोलून राह्यले? काकूनं चहा नाई देल्ला तं काय म्हंता?”

चंद्रभाननी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. “रुख्मे, चहा मांडतं का मी मांडू?”

“हे! हेच पायजे आपल्याले,” मंजुषा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

मंजुषा सिंदी रेल्वेची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते, थोडी शेती होती. वर्ध्याला कॉम्प्युटर शिकली, सचिनशी लग्न होऊन नालवाडीत आली आणि तिथून स्कूटीवर या संस्थेत नोकरीला जाऊ लागली. संस्था लहानशी. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवायचा, हे तिचं काम. तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बिडीनं अशा माणसांची कमतरता कधी पडू दिली नाही. रोजच्या बोलण्यातली वाक्यं भरून घ्यायची, मग ती मोबाईलवर यादीसारखी दिसत. वाक्यावर बोट ठेवलं की फोन त्या माणसाच्याच आवाजात बोले.

मंजुषाची नेमणूक फक्त कॉम्प्युटर सांभाळायला होती. पण संस्था चालवणारे विवेक सर पुण्याचे. त्यांच्यासमोर पेशंट चंद्रभानसारखेच ताठ होत. म्हणून रेकॉर्डिंगला मंजुषाच बसायला लागली. माणसं तिच्यापुढे शिव्या देत, बैलाला हाक मारत, नातवाला खोटं खोटं रागवत. हे सगळं तिनं जमा केलं.

चंद्रभानचा आवाज तेव्हाच बसत चालला होता, तरी त्यात जोर होता. त्यांनी बाजारातली हाक दिली, मोटर बंद करायला सांगितलं, होणाऱ्या जावयाला द्यायचा रामराम आधीच देऊन ठेवला. शेवटच्या दिवशी रुख्माबाईला म्हणाले, “तू बाहेर बस जराशी.” ती गेली. मग मंजुषाला म्हणाले, “हे पोरीसाठी हाय. आकांक्षाचं लग्न होईन, तवा निघताना वाजवाचं. त्याच्या आंधी कोणी नाई आइकाचं.”

ते बोलले. मंजुषानं ते ‘आकांक्षा’ याच नावानं ठेवलं.

ऑपरेशन झालं. गळ्याच्या भोकावर पांढरा दुपट्टा गुंडाळून चंद्रभान टोमॅटो-कोथिंबीर घेऊन पुन्हा बाजारात बसू लागले. पहिल्या दिवशी मंजुषा मुद्दाम वाट वाकडी करून गेली. फोनला छोटा स्पीकर जोडलेला होता आणि त्यातून हाक येत होती: “भेदरं घ्या, सांभार घ्या, शेतातून आत्ताच आणलेलं!” गिऱ्हाईकं थांबून बघत होती. चंद्रभानचे ओठ मिटलेले होते आणि डोळे हसत होते. त्या संध्याकाळी ती सचिनला म्हणाली, “मले वाटते, मी काहीतरी चांगलं काम करून राह्यली.”

हे सगळे आवाज संस्थेच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर होते. एकाच यंत्राच्या पोटात वेगवेगळे कॉम्प्युटर चालावेत, अशी त्याची मांडणी. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात संस्थेचा कारभार, दुसऱ्यात पेशंटचे कागद. आवाजांचा प्रोग्राम मात्र कंटेनरमध्ये होता. कंटेनर म्हणजे त्याहून हलकं काम, प्रोग्राम आणि त्याला लागेल तेवढंच सामान बांधलेलं गाठोडं. या सगळ्याची एक प्रत रोज दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर, आदल्या प्रतीच्या जागी जाऊन पडे आणि सकाळी मंजुषाच्या फोनवर मेल येई: बॅकअप यशस्वी. पुढे हिरवी खूण. ती पाहूनच ती चहा ठेवी.

आवाज वाढत गेले तशी कंटेनरमधली जागा संपली. मंजुषानं मोठी डिस्क आणली, तिच्यावर एक फोल्डर केलं, सगळे आवाज तिथं हलवले आणि ते फोल्डर बाहेरून कंटेनरला जोडलं. जुनी जागा पुसून मोकळी केली. फोन पूर्वीसारखेच बोलत राहिले, कोणाला काही कळलंसुद्धा नाही. पण कंटेनरचा बॅकअप गाठोड्यात जे बांधलेलं असतं तेवढंच उचलतो. बाहेरून जोडलेलं तो घेत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. मंजुषानं हे कधीतरी वाचलंही होतं. त्या दिवशी ते सांगायचं राहून गेलं. मेल रोज येत राहिला. तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या वाट्याचं काम तो करतच होता.

मे महिन्यात एका दुपारी लाईटचा लपंडाव चालला होता. मागच्या खोलीतला एसी बंद पडला, मग सर्व्हर. त्या मोठ्या डिस्कमधून टक् टक् असा आवाज आला आणि तोही थांबला. विवेक सर घाबरले. मंजुषा घाबरली नाही. “सर, बॅकअप हाय आपल्याजवळ,” असं तिनं शांतपणे सांगितलं. दुसरं यंत्र मांडलं, प्रत काढली, एकेक मशीन उभं केलं. कारभार आला. पेशंटचे कागद आले. कंटेनर तर बघता बघता सुरू झाला. पडद्यावर सगळ्यांची नावं ओळीनं आली, नावाखाली वाक्यं आली. विवेक सरांनी टाळी वाजवली आणि समोरच्या दुकानातून पेढे आणायला सांगितले.

मंजुषानं चंद्रभानच्या नावावर बोट ठेवलं. मग ‘चहा मांडतं का’ या वाक्यावर. काहीच वाजलं नाही. तिला वाटलं स्पीकर बंद असेल. तिनं स्पीकर पाहिला, दुसरं वाक्य दाबलं, दुसरा माणूस उघडला, तिसरा उघडला. नावं होती, वाक्यांचे मथळे होते, तारखा होत्या. आवाज कोणाचाच नव्हता. मग तिला बाहेरून जोडलेलं ते फोल्डर आठवलं.

पेढे आले ते तसेच टेबलावर राहिले.

डिस्क नागपूरला पाठवली, तिथून पुण्याला. उत्तर आलं की आतला पृष्ठभाग खरवडून निघाला आहे, काही मिळणार नाही. विवेक सर तिला रागावले नाहीत. ते म्हणाले, आपण सगळ्यांना पत्र पाठवू. मंजुषा म्हणाली, “पत्र नको सर. मी जाते.”

ती घरोघरी गेली. कोणाच्या मुलाकडे जुन्या व्हॉट्सॲपमध्ये वडिलांचे दोन-चार निरोप निघाले. पुलगावच्या एका घरी माणूसच गेलेला होता. त्याची सून म्हणाली, सासूबाईंना सांगू नका, त्या अजून रोज फोन हातात घेऊन बसतात. एका घरी तिच्या तोंडावर दार लावलं गेलं. केळझरला जायचं ती टाळत राहिली. मग एका रविवारी सचिन म्हणाला, “मी येतो संगं,” तेव्हा गेली.

चंद्रभान अंगणात भेदरं निवडत होते. मंजुषानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून फोन काढला. एकदा वाजवलेलं वाक्य फोन स्वतःजवळ ठेवून घेत असे, बाकीची सर्व्हरवरून मागवी. ते एकेका वाक्यावर बोट ठेवत गेले. बाजारातली हाक वाजली. ‘मोटर बंद कर’ वाजलं. जावयाचा रामराम वाजला नाही. चंद्रभान खाली सरकत गेले आणि ‘आकांक्षा’वर थांबले. दाबलं. पुन्हा दाबलं. फोन त्यांनी मंजुषाच्या मांडीवर ठेवला, उठले आणि वावराकडे चालू लागले.

“त्यायनं ते कधी वाजवूनच नाई पाह्यलं,” रुख्माबाई म्हणाली. “मी म्हणे, मले तरी आइकू द्या एकडाव. तं हातानंच नाई म्हणत. लग्नातच, म्हणत. एकडाव वाजवलं असतं तं फोनात राह्यलं असतं ना, ताई?”

“हो काकू.”

“मी तुमाले म्हटलं होतं, सगळं फोनातच टाकून द्या म्हणून. तुमी काय म्हटलं? फोन पाण्यात पडन, चोरीले जाईन. आमच्याकडं हाय ते पक्कं हाय.”

सचिननं मंजुषाच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढला.

“रोज पाहत नोयत्या का तुमी?” रुख्माबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मंजुषाला सोसवेना.

“मेल येत होता रोज. सारं ठीक हाय म्हणून.”

“ते तं झालं. पण आइकून पाह्यलं का कधी कोणी?”

“नाई,” मंजुषा म्हणाली.

विवेक सरांनी मग एक वाट काढली. जी थोडी वाक्यं चंद्रभानच्या फोनात उरली होती, त्यांवरून कॉम्प्युटरनं नवा आवाज तयार केला. त्याला काहीही लिहून दिलं की तो ते बोलत असे. चंद्रभानना संस्थेत बोलावून ऐकवलं. “आकांक्षा, सुखी राहा बाळा,” असं स्वच्छ, गुळगुळीत आवाजात फोन बोलला. चंद्रभान डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा लावा, अशी त्यांनी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकलं आणि समोरच्या कागदावर लिहिलं, ‘हा कोण हाय’. पेन ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर ते संस्थेत आले नाहीत.

दिवाळीनंतर आकांक्षाचं लग्न ठरलं. मुलगा मंजुषाच्या सिंदीचाच, पियुष, रेल्वेत होता. रुख्माबाईनं स्वतः येऊन पत्रिका दिली. “येजा ताई,” एवढंच म्हणाली. जावं की नाही, हे मंजुषाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण ती गेली. मांडवात एका कडेला बसली. चंद्रभान नवं धोतर नेसून, गळ्याशी दुपट्टा घट्ट लपेटून पाहुण्यांना हात जोडत होते.

निघायची वेळ झाली तेव्हा बँड जोरात चालू होता. आकांक्षा आईच्या गळ्यात पडून रडली, मग गाडीत बसली. चंद्रभान खिडकीशी गेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलू लागले. नुसते ओठ. बराच वेळ बोलले. आकांक्षा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, समजून घ्यायचा जीव तोडून प्रयत्न करत. “काय म्हंता बाबा? काय?” पाठीमागून कोणीतरी ओरडलं, उशीर होऊन राह्यला. ड्रायव्हरनं गाडी काढली. चंद्रभानचे ओठ गाडी वळेपर्यंत हलत होते.

मंजुषा जेवली नाही. तशीच घरी आली.

नोकरी सोडायचं तिच्या मनात आलं होतं. पण सोडली तर नवीन माणसाला हे कोण सांगेल, म्हणून राहिली. आता प्रत्येक आवाजाची एक प्रत त्या त्या घरी असते, एक दुसऱ्या गावात. आणि महिन्यातून एकदा ती बॅकअपमधून सगळं एका रिकाम्या यंत्रावर उभं करते, दार लावून घेते आणि प्रत्येक वाक्य ऐकते. मेल अजून येतो. ती तो उघडतही नाही.

अशीच एका दुपारी ती ऐकत बसली असताना आकांक्षा आली. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी चालली होती, वाट वाकडी करून इथं उतरली होती. पाणी प्यायली. मग म्हणाली, “ताई, बाबा माह्यासाठी बोलले होते, तवा तुमीच होत्या ना इथं?”

“हो.”

“मंग तुमी आइकलं असन. मी बाबाले फोनवर म्हटलं लिवून धाडा, तं लिवलं, सुखात राह्य. बस. त्यायले लिवता येत नाई तसं. काय बोलले होते ते?”

मंजुषाला काहीतरी चांगलं सांगता आलं असतं. कोणताही बाप मुलीला जे बोलेल, ते. आकांक्षानं ते आयुष्यभर जपलं असतं.

“मी शब्द नाई आइकले वं,” ती म्हणाली. “मी पडद्यावर पाहत होती. आवाज फाटते का, बारीक येते का, तेवढंच. त्यायनं तुह्यं नाव घेतलं, आन मंग लय वेळ चूप राह्यले. मले वाटलं झालं. मी बंद कराले हात नेला, तं ते आणखी बोलाले लागले.”

“काय?”

“नाई आठवत.”

बाहेरून बसचा हॉर्न ऐकू आला, पण ती आकांक्षाची बस नव्हती.

“नाव कसं घेतलं?” तिनं विचारलं. “घरी ते मले आकू म्हणत. का पुरं घेतलं?”

“पुरं,” मंजुषा म्हणाली. “पुरं नाव घेतलं.”

आकांक्षानं मान हलवली. पदरानं डोळे पुसले, पिशवी उचलली. दारात वळून म्हणाली, “बाबाले सांगू नका, मी आलती म्हणून.” आणि पायऱ्या उतरून गेली.