विकलेले नाव

नारायणगावच्या टपरीवर भाऊ चहा मागतात, तोही तंबूतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात. एकेकाळी त्यांच्या नावाच्या तमाशाला सारा तालुका लोटत असे. पुढे फड कर्जात बुडाला आणि तंबूसोबत त्यांना नावही विकावे लागले.

यंदा निमगाव सावाच्या जत्रेत ते त्याच फडाच्या तिकिटाच्या रांगेत उभे होते.

"भाऊ, तुम्हाला कसलं तिकीट? नाव तुमचंच आहे की," मी म्हणालो.

"नाव इकलं राव. आता आमी पब्लिक."

आत निवेदकाने ते नाव पुकारताच ते सवयीने हात जोडून उभे राहिले.

"ओ बाबा, बसा खाली. काय दिसंना," मागचा तरुण खेकसला.

"चुकलं," ते जेमतेम ऐकू येईल असे म्हणाले आणि बसले.

ते कोण, हे त्यांच्या शेजारी बसूनही मी त्या तरुणाला सांगितले नाही.