बाईंचं कोरं पान

भाचीच्या लग्नाच्या पत्रिका निवडताना परवा दुकानदाराने हातकागदाचा गठ्ठा उलगडला आणि भिजल्या कापसासारखा किंचित कोंदट, किंचित गोड वास आला. त्या वासासरशी मी चाळीस वर्षं मागे, साकीनाक्याच्या एका छापखान्यात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी नुकतीच चित्रकला शिकून बाहेर पडले होते आणि मुलुंडच्या एका नृत्यशिक्षिकेचं पुस्तक सजवायचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे बाई काही वर्षं जपानात राहिलेल्या. तिथलं नृत्य त्या शिकल्या आणि परतल्यावर त्यातली एकेक मुद्रा काळ्या शाईच्या चार-दोन फटकाऱ्यांत त्यांनी कागदावर उतरवली. ती चित्रं पाहून मी हरखले, आणि हरखलेली नवशिकी माणसं करतात तेच केलं; वेली, चौकटी, चेरीची फुलं घालून पानं भरून टाकली. बाईंचा हट्ट एकच, मध्यावरचं एक पान कोरं ठेवायचं. छापखान्याच्या मालकांना ते पटेना. लोक म्हणतील, छापायचं राहिलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. बाईंना न विचारता मी तिथे एक फूल टाकलं.

एका दुपारी बाई छपाईचा नमुना बघायला आल्या. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. छाटणीतला एक कागद उचलून त्याच्या चुण्या घातल्या, त्याचा पंखा केला, पदर खोचला आणि कागदाच्या थप्प्यांमधल्या चिंचोळ्या जागेत नाचू लागल्या. पंखा वर गेला, झुलत खाली आला आणि मध्येच अधांतरी थांबला. मालवणकडच्या मशीनमन काकांनी आपणहून यंत्र बंद केलं. पुढच्या हालचालीची वाट बघत आम्ही सगळे नुसते उभे होतो.

काका हळूच म्हणाले, "आमच्या दशावतारात राजा असोच थांबता, बोलूच्या आधी. तेवाच तो खरो राजा दिसता."

"हेच मला इतके दिवस हिला सांगता येत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

ते फूल मी स्वतःच काढून टाकलं. मग धीर चेपला. वेली गेल्या, चौकटी गेल्या, चित्रं मोकळा श्वास घेऊ लागली. पुस्तक निघालं आणि आठवड्याभरात घाटकोपरचे एक गृहस्थ प्रत घेऊन बाईंच्या दारात हजर, एक पान छापायचं राहिलंय म्हणून. बाईंनी त्यांना चहा दिला आणि नाचून दाखवलं. तीच प्रत घेऊन ते खुशीत घरी गेले.

बाई आता नाहीत. माझ्या प्रतीची पानं पिवळी पडलीत, चित्रांची शाईही विटलीय. ते एक पानही पिवळं झालंय, पण विटण्यासारखं त्यात काहीच नाही.