शेंदराखालचा वीर

तन्वीनं निघायच्या आधीच बजावलं, "या वेळी गावात कुणाशी भांडलास, तर पुढची फिल्म तुझी तू कर." मी लगेच मान डोलावली. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी साताऱ्याच्या एका संग्रहालयात हौसेनं काम करतो, ती रविवारी येते. कॅमेरा माझा, निवेदन तिचं. तिनं निवेदन सोडलं तर फिल्मचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल, ही काळजी मोठी. (हे तिला सांगितलेलं नाही. ती माझा ब्लॉग वाचत नाही असं धरून चाललोय.)

जायचं होतं तासगावजवळच्या एका गावात. तिथं वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. सकाळी बाईक काढली. उंब्रजला वडापाव, कराडला चहा, तिथून हायवे सोडला. पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. पेट्रोल, खाणं धरून दोघांचं हजारात भागतं. तासगाव जवळ आलं की द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडी लागतात. तन्वीनं मागं बसून अर्धा पुडा बेदाणे संपवले. मला चार दिले.

गावात पोचलो तर वीरगळाच्या जागी शेंदराचा लालभडक गोळा! ना घोडा दिसतोय, ना तलवार. माझं डोकं सटकलं. नखानं शेंदूर खरवडायलाच लागलो.

"ए पावण्या! हात काढ आधी!" कट्ट्यावरचे एक आजोबा उठले. "देव हाय त्यो."

"आवं आजोबा, देव न्हाई, सैनिक हाय त्यो! इतिहास पुसताय तुमी!"

"सैनिक व्हय? माझा पोरगाबी फौजेत हाय. त्याच्या तोंडाला कुणी नख लावलं तर मी गप बसीन व्हय रं?"

मी हात मागं घेतला. तन्वीकडं बघायचा धीर होईना. "चुकलं," म्हणालो.

"नुसतं चुकलं म्हणून भागत न्हाई. खरवडलंस तू, लावणारबी तूच."

त्यांनी घरातून शेंदूर आणि तेल आणलं. जे उघडं करायला एवढ्या लांब आलो, तेच मी मांडी घालून झाकत बसलो. "लय पातळ झालं, गड्या, आजून लाव," आजोबा वरून सांगत होते. आणि तन्वी माझा कॅमेरा घेऊन भांडणापासूनचं सगळं खुदुखुदु हसत शूट करत होती. नंतर आजोबांनीच भाकरी आणि वांग्याचं कालवण खाऊ घातलं.

साताऱ्यात एडिटिंगला बसलो, तर तिनं माझी आरडाओरड तशीच ठेवली.

"एवढं काप की," मी गयावया केली.

"अजिबात नाही. तिथूनच निवेदन सुरू करणार आहे मी."

"म्हणजे तू सोडत नाहीस? मी भांडलो तरी?"

"भांडलास. पण हरलास की छान!"

त्या वीराचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. फिल्ममध्ये कॅमेऱ्यामागून तिचं हसू मात्र सारखं ऐकू येतं. संग्रहालयातल्या ताई म्हणाल्या, "तेवढा आवाज साफ कर रे." मी हो म्हणालो, आणि केला नाही.