चुन्याच्या पाण्यातली कावीळ

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला केजजवळचं ते कडुलिंबाखालचं अंगण आठवतं. मावशीचे डोळे हळदीसारखे झालते, आणि कावीळ उतरवणारी म्हातारी चुन्याच्या पाण्यानं तिचे हात चोळत होती. पाणी हळूहळू पिवळं होत गेलं, त्यात कवडसे हलत राहिले, आणि बघता बघता कावीळ पाण्यात उतरतेय हे मलाही खरं वाटू लागलं. मग मावशीच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवून म्हातारी म्हणाली, "ही वाढत खाली उतरंल, तशी कावीळबी उतरंल. तवर सरकारी गोळ्या बंद." त्या एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. मी एकदम भानावर आले. "मावशे, माळ ऱ्हाऊ दे, पण गोळी सोडू नको. दवाखान्यात चल." "बीए झालीस, डाक्टर कवा झालीस गं?" मावशी म्हणाली. "घरातली पहिली बीए हाय मी, ऐकावंच लागंल." माळ घालूनच ती आली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "हिपॅटायटिस बी आणि सी, दोन्ही आहेत. सीवर वेगळं औषध देतो. बी मात्र एचआयव्हीच्या याच गोळ्यांनी दबलाय. सोडल्या असत्या तर उसळला असता." आज मावशी माझ्या घराला चुना लावायला आलीय. कावीळ माळेनंच उतरली, असं ती अजून म्हणते. म्हणू दे. जेवण झालं की पिशवीतून गोळी काढते आणि पाणी मलाच मागते.