लाल रेघा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गोंदियाच्या ज्या राइस मिलमध्ये मी मॅनेजर होतो, तिथे मला सगळे 'किताबवाले साहेब' म्हणायचे, आणि त्या किताबांपैकी एकही मी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती.

मोबाईल नुकते लोकांच्या हातात आले होते, तेव्हाची ही गोष्ट. मालकांचे चिरंजीव, छोटे सेठ, मॅनेजमेंट शिकून परतले आणि मिलमध्ये शनिवारची मीटिंग सुरू झाली. प्रत्येकाने यशाचं, लीडरशिपचं, टाइम मॅनेजमेंटचं एखादं पुस्तक वाचायचं आणि त्यातून काय घेतलं ते सांगायचं. मी स्टेशनच्या स्टॉलवरून हिंदी अनुवाद आणायचो. शुक्रवारी कुडवा गावातल्या माझ्या घरी चहा झाला की लाल पेन घेऊन बसायचो. वाचायचा कंटाळा होता. मग परिच्छेदाचं पहिलं वाक्य धरायचं आणि खाली रेघ मारायची. या पुस्तकांत पहिलं वाक्य नेहमी जोरदार असतं.

छोटे सेठ भर मीटिंगमध्ये माझं पुस्तक उघडून सगळ्यांना दाखवायचे. "देखो, पढ़ना इसको कहते हैं." मी मान खाली घालायचो. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

टेंभरे आमचा खरेदीचा माणूस. सौंदडहून रोज गाडीने यायचा. शेतकऱ्यांचा धान तपासून तोलून घ्यायचा, ते त्याचं काम. धान ओला असला तर सुकल्यावर वजन घटतं, म्हणून पोत्यामागे थोडं वजन कापतात. त्याला कटती म्हणतात. ओल्या धानाला ती रास्तच आहे. आमच्या मिलमध्ये मात्र हंगामाची गर्दी झाली की वाळलेल्या धानालाही तीच कटती लागायची. कापायचा टेंभरे, आणि ज्यांचं कापायचा ते त्याच्याच भागातले, काही तर नात्यातले. गावात मान वर करून फिरता येत नाही, असं तो मला एकदा म्हणाला होता. नोकरी सोडणंही शक्य नव्हतं. घर तिच्यावरच चालत होतं.

एक दिवस त्याने माझ्याकडे पुस्तक मागितलं. आठवड्याने भेटला तेव्हा खुशीत होता.

"साहेब, मले सगळं वाचाले टाइम कुठं भेटते? गाडीत बसलो का तुमी रेघ मारली तेवढंच वाचतो. कामाचं तुमी काढूनच ठेवलं आहे. बाकी कायले वाचू?"

मी म्हणालो, "बरोबर. तेवढं वाचलं तरी पुरे."

हे वाक्य मी बोललो. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी टेंभरेची पाळी होती. हंगाम ऐन भरात होता. ऑफिसचं दार उघडं होतं आणि बाहेर धान घेऊन आलेले शेतकरी तोलाची वाट बघत उभे होते. टेंभरे पुस्तक हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, टाइम मॅनेजमेंटचं काहीतरी सांगेल.

तो म्हणाला, "छोटे सेठ, कोरड्या धानाची कटती आपण बंद केली पाहिजे. मी रोज पाप करून राहिलो."

बाहेरचं बोलणं थांबलं. त्यांनी ऐकलं होतं. छोटे सेठ काही क्षण हसले, त्यांना ते पुस्तकातलं उदाहरण वाटलं असावं. मग दाराकडे बघितलं आणि हसू गेलं.

"ये तेरे दिमाग में किसने डाला?"

टेंभरेने माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मी वर पंख्याकडे बघायला लागलो.

"कोणी नाही, सेठ. मीच बोलून राहिलो."

"कल से मत आना."

टेंभरे बराच वेळ उभाच राहिला. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असेल. नाही बोललो. मग त्याने पुस्तक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, पायात चप्पल सरकवली आणि निघून गेला. त्या दिवशी बाहेरच्या शेतकऱ्यांनी कटती द्यायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात नवा खरेदीवाला आला आणि कटती परत सुरू झाली.

सगळे गेल्यावर मी पुस्तक उघडलं. त्याने एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. माझी लाल रेघ ज्या वाक्याखाली होती त्याचा अर्थ असा, की खरं बोलायला वेळ-काळ बघत बसू नये, सगळ्यांसमोर सरळ बोलावं. आणि रेघ नसलेलं पुढचं वाक्य सांगत होतं, की हा सल्ला फार लोक देतात आणि तो ऐकून फार लोक नोकरी गमावतात. त्याखाली दोन पानं, मालकाला एकांतात कसं गाठायचं, आधी काय तयारी ठेवायची, यावर होती. लेखकाने खोडून काढण्यासाठी लिहिलेलं वाक्य मी अधोरेखित केलं होतं. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, जणू वाचून ती बदलणार होती.

यातून मी एवढंच शिकलो, की या पुस्तकांत पहिलं वाक्य लक्ष वेधायला असतं. 'पण' त्यानंतर येतो, आणि कामाचा तोच असतो.

त्यानंतर मी पुस्तकं घेणं सोडलं. छोटे सेठनी विचारलं तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी एका लग्नाहून परतताना सौंदडच्या स्टेशनवर टेंभरे दिसला. केस पांढरे झालेले. मिल सुटल्यावर दुसरी नोकरी मिळाली नाही, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातो, असं त्याने सहज सांगितलं. मी नजर चुकवत होतो. तो मात्र जवळ सरकला.

"साहेब, एक सांगू? नोकरी गेली, ते गेली. पण मी गावात मान वर करून चालतो. तुमची रेघ नसती तर माह्यात हिम्मत नव्हती."

गाडी येताना दिसली तेव्हा त्याने माझा हात धरला.

"पोरगा नोकरीले लागला आता. त्याच्यासाठी एखादं पुस्तक द्या ना. रेघा मारूनच द्या."

मी हो म्हणालो आणि गाडीत चढलो.

पुस्तक अजून दिलेलं नाही. त्याआधी टेंभरेला सांगायचं आहे, की ती रेघ मी न वाचता मारली होती, आणि त्या दिवशी मी पंख्याकडे बघत होतो ते मुद्दाम. तेही अजून सांगितलेलं नाही.